दादाची किडनी आणि मणकेवाला

बस चालवून चालवून तिच्या पाठीचं पार लाकूड झालं होतं, म्हणून दादानेच तिला हौसेने मणके दाबून बसवणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडे नेलं. ती त्याला मणकेवाला म्हणायची. त्याने तिला पालथं झोपवून असा दाब दिला की पाठीत कडकन वाजलं, आणि ती उठली ती हलकी होऊनच.

"मणके जागेवर आले की प्रतिकारशक्तीही वाढते बरं का," मणकेवाला म्हणाला.

"ऐकलंस?" दादा खूश. "साध्या सर्दीने आठवडाभर आडवी होतेस. आता बघ!"

तिचा हात पोटावर गेला. त्याच पोटात दादाने दिलेली किडनी होती. शरीराने ती परकी समजून हाकलू नये म्हणून बिचारी रोज गोळ्या गिळून आपली प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवत होती. दादाला हे एकदा सांगितलं होतं, पण त्याच्या डोक्यात सर्दीच. त्याचा फुललेला चेहरा बघून तिने तोंडाला कुलूप लावलं.

घरी डोकं चालेना. पाठ खरंच बरी वाटतेय, म्हणजे प्रतिकारशक्तीही वाढली असणार. मग किडनीचं काय? आणि मणकेवाला थापा मारत असेल, तर पाठ कशी बरी झाली? शेवटी तिने स्वतःचंच शहाणपण चालवलं. तो वाढवतोय ना, मग आपण दाबायची. त्याच्याकडे जाऊन आलं की एक गोळी जास्त.

थोड्याच दिवसांत स्टिअरिंगवर हात थरथरू लागले. दादाने तिला तडक किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे तिला सगळं कबूल करावं लागलं.

"मणके दाबून प्रतिकारशक्ती वाढते, याला भरवशाचा पुरावा नाही," बाई कडाडल्या. "जादा गोळीने मात्र हात थरथरतात, किडनीच खराब होते! शिवाय तुमच्या औषधांनी हाडं ठिसूळ होतात. मणक्यांना असले झटके देणं बंद."

"पण मग पाठ?"

"पाठ मोकळी झाली असेल. त्याचा प्रतिकारशक्तीशी काय संबंध?"

तपासणीसाठी रक्त घेतलं. बाहेरच्या बाकावर दादाने तिचा थरथरता हात धरला.

"मला का नाही बोललीस गं?"

"तू किती हौसेने नेलं होतंस..."

"माझं मन राखायला माझीच किडनी पणाला लावलीस?" त्याचे डोळे भरले होते.

तिलाही रडू फुटलं. माफी दादाची मागायची की पोटातल्या किडनीची, हेच तिला कळेना.