ओ द्यायला लागणारा वेळ

दवाखान्याला भिंती तीन होत्या, दारं दोन, खुर्च्या सात, आणि शिवाय पेशंटला आडवं करायची ती एक मोठी. नळ एक होता, त्याला पाणी नव्हतं. प्लास्टरच्या कवळ्या अकरा. चौथी भिंत जिथे असायला हवी तिथे प्रेक्षकांच्या एकशे चव्वेचाळीस खुर्च्या, आणि त्यांच्याकडे पाठ करून उभे चार कॅमेरे. रिसेप्शनच्या टेबलावर फोन, रजिस्टर, घंटी आणि नावाची एक पाटी. पाटीवरचं नाव ताईचं नव्हतं.

ताई म्हणजे या विनोदी मालिकेतली रिसेप्शनिस्ट. वय सत्तावन्न, त्यातली तीस वर्षं नाटकात गेलेली. आधीची नटी आठ महिन्यांपूर्वी सिनेमा मिळाला म्हणून निघून गेली, आणि तिची खुर्ची, तिचा चष्मा, तिचं नाव असा सगळा संसार ताईच्या पदरात पडला. बाकीच्यांचं तसं नव्हतं. डॉक्टरचं काम करणारा नट मालिकेतही स्वतःच्याच नावाने वावरायचा. कंपाउंडरही. गेलेली नटीसुद्धा पाटीवर स्वतःचंच नाव लावून बसायची. "नाव तेवढं राहू द्या," निर्माते तेव्हा ताईला म्हणाले होते. "शीर्षकगीतात आहे. लोकांच्या तोंडी बसलंय." ताई हो म्हणाली. काम हवं होतं.

सेटवर लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. तिचं खरं नाव तिथे कोणाला माहीत असेल, तर गेटवरच्या हजेरीच्या वहीला.

आणि आता तक्रार अशी होती, की रिसेप्शनिस्टला हाक मारली की ताई ओ द्यायला उशीर करते. उशीर जेमतेम सेकंदभराचा, पण तेवढ्यात विनोद थंडगार पडतो. त्या दिवशी शूटिंगच्या आधी निर्मात्यांनी तिला खोलीत बोलावलं.

"बसा ताई. कसं सांगू तुम्हाला…"

"सरळ सांगा. आडवं करायची खुर्ची बाहेर आहे."

निर्माते हसले नाहीत. "एकदा कान तपासून घ्या. आणि ते, विसरण्याचंही काही असेल तर… या वयात होतं."

"तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. तुमचं निघालं का काही?"

"हे बघा, लेखकाने एक पान लिहून ठेवलंय. रिसेप्शनिस्ट कायमची लेकीकडे राहायला जाते. आज तुमच्यामुळे तीनपेक्षा जास्त रीटेक झाले, तर पुढच्या आठवड्यात ते पान घेऊ."

"मला लेक नाही."

"मालिकेत आहे."

"मालिकेत तरी कुठे आहे? नव्वद भागांत कोणी पाहिली?"

"पुढच्या आठवड्यात होईल," निर्माते म्हणाले.

ताई ताठ मानेने बाहेर आली खरी, पण मेकअपच्या खोलीत पोचेपर्यंत तिला आई आठवली होती. तिच्या आईचं शेवटी असंच झालं होतं. आधी वस्तू, मग रस्ते, मग माणसं. तिने आरशात बघून आजचे संवाद घडाघडा म्हटले. एक शब्द चुकला नाही. मग उशीर कशाने होतो?

"ताई, एक विचारू?" दारात वहीवाली उभी होती. कोणत्या दृश्यात कप कोणत्या हातात होता, कोणतं वाक्य किती सेकंदांचं झालं, हे टिपणं तिचं काम. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती इथे का आली, हे तिच्या घरच्यांनाही उमगलेलं नव्हतं. गळ्यात सदा स्टॉपवॉच. "घरी तुम्हाला हाक मारली तर ऐकू येतं?"

"घरी? नवरा बाथरूममधून टॉवेल मागतो ना, तर मिक्सर चालू असतानाही ऐकू येतं. नको असलं तरी येतं."

"कोणत्या नावाने मारतात हाक?"

"माझ्या! दुसऱ्या कोणाच्या मारली तर टॉवेल मिळेल का?"

वहीवालीने वही उघडली. "मी तुमचे सगळे भाग पुन्हा पाहून मोजलंय. फोन वाजला की तुम्ही शून्य पूर्णांक तीन सेकंदांत मान वळवता. घंटी वाजली, तेवढाच वेळ. कंपाउंडर नुसतं 'अहो' म्हणाला, तरी तेवढाच. फक्त त्या नावाने हाक आली की एक पूर्णांक चार."

"म्हणजे काय?"

"कान ठणठणीत आहेत. डोकंही. ते नाव तुमचं नाही, एवढंच."

वहीवाली पुढे म्हणाली, "लोकांना वाटतं, मालिकेत नटांचीच नावं ठेवतात म्हणजे लेखकाला कंटाळा, नाहीतर नटांना मिरवायची हौस. तसं नाही. पहिल्या दिवशी कंपाउंडरला वेगळं नाव दिलं होतं म्हणे. डॉक्टरने चार हाका मारल्या आणि हा आपला ट्रे पुसत उभा. समोर प्रेक्षक बसलेले. तेव्हापासून लेखकाचा नियमच आहे, ज्याचं त्याचं नाव. परकं नाव आलं की आधी मनात म्हणावं लागतं, हां, ती मीच. तेवढ्यात हशा निघून जातो."

"नियम सगळ्यांना, आणि मला उष्टं नाव. साहेबांना सांगितलंस हे?"

"सांगितलं. म्हणाले, आकडे तुझ्यापाशी ठेव."

"अगं, पण सवय होईलच ना मला कधीतरी?"

"आठ महिन्यांचा आलेख काढलाय, ताई. सपाट आहे."

ताई आधी हसली. मग तिचं हसू थांबलं आणि तिने चष्मा नाकावर नीट बसवला. भीती गेली होती. त्या जागी राग आला होता, आणि तो तिला चांगला मानवला.

प्रेक्षक आले, दिवे लागले. दुसऱ्याच प्रसंगात डॉक्टरला आतून ओरडायचं होतं. ओरडला. पाटीवरचं नाव दवाखानाभर घुमलं. ताईला ते स्वच्छ ऐकू आलं. तिने रजिस्टरचं पान उलटलं.

दुसरी हाक. प्रेक्षकांत खसखस. अंधारात निर्माते खुर्चीवरून अर्धे उठले. तिसऱ्या हाकेला डॉक्टर स्वतःच बाहेर आला, हातात पकड. "अहो, किती हाका मारायच्या?"

ताईने पाटी उचलली आणि टेबलावर पालथी घातली. "डॉक्टर, त्या बाई आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेल्या."

हे संवादात नव्हतं. पण डॉक्टर मुरलेला नट. त्याने पकड सावकाश खाली केली. "मग तुम्ही कोण?"

ताईने आपलं नाव सांगितलं. जुन्या वळणाचं, आईने ठेवलेलं, हल्ली कोणी ठेवत नाही असं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात सांगितलं.

"आठ महिने बोलला का नाहीत?"

"तुम्ही रोज ओरडत होता त्या दुसऱ्या बाईवर. मी कशाला मध्ये पडू?"

हशा अकरा सेकंद चालला. वहीवालीने मोजला.

मध्यंतर होताच निर्माते तावातावाने सेटवर आले. "ताई, हा काय प्रकार? हे सगळं कापायला लावीन मी."

"कापा. पुढच्या प्रसंगातही मी हेच करणार. त्याच्या पुढच्याही."

"आणि शीर्षकगीत?"

"बदला."

"तुमचं नाव त्या चालीत बसत नाही हो!"

"मग चाल बदला. आठ महिने मी मुरड घातली, आता गाण्याने घालावी. आणि त्या लेकीला सांगा, जन्माला यायची घाई करू नकोस."

कंपाउंडरने तोंडापुढे ट्रे धरला. डॉक्टर म्हणाला, "साहेब, मी तर आता नव्याच नावाने हाक मारणार. जुन्या नावाने ओरडून मघाशी माझाच घसा बसला."

"अर्धा भाग बाकी आहे अजून," निर्माते ताईकडे बोट रोखून म्हणाले. "रीटेक झाले तर बघा."

"तीन म्हणाला होतात. मोजा." ताई वहीवालीकडे वळली. "तूही मोज गं. आणि या वेळी आकडे तुझ्यापाशी ठेवू नकोस."

वहीवालीने मोजलं, आणि कागद निर्मात्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्या दिवशीचा उरलेला अर्धा भाग आणि पुढचे चार भाग मिळून रिसेप्शनिस्टला मारलेल्या हाका एकशे सत्तावीस. त्यांपैकी सवयीने जुन्या नावाने मारलेल्या नऊ. त्यांना ओ शून्य. उरलेल्या एकशे अठरा हाकांना ओ द्यायला लागलेला सरासरी वेळ: शून्य पूर्णांक तीन सेकंद.