लाल मुठीचा आठ नंबर

मित्रांनो, माझ्या पाठीवर लाल मूठ आहे आणि मुठीवर आठचा आकडा. वजन वीस किलोंहून थोडेसे कमी. जपानमधल्या नागानोच्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या कर्लिंग क्लबात मी राहतो. बर्फावरून घसरत जाणे हा माझा धंदा, पण खरे सांगायचे तर माझे निम्मे आयुष्य वाट पाहण्यातच गेले.

त्याचे कारण माझा आकडा. कर्लिंगमध्ये दोन संघ असतात. प्रत्येक संघ आळीपाळीने आठ दगड बर्फावरून सोडतो. समोरच्या टोकाला बर्फात रंगीत वर्तुळे असतात, त्यांच्या मध्याशी ज्याचा दगड सर्वांत जवळ, त्याला गुण. एक ते सात नंबरचे माझे भाऊ एकेक करून निघून जातात. मी मात्र कडेला लाकडी फळीला टेकून बसतो. त्यांच्या टकरी ऐकतो. सगळी गडबड करून ठेवतात ते आणि निस्तरायला शेवटी मी. त्या बसण्यात अशी काही तगमग होते की विचारू नका.

स्कॉटलंडजवळच्या एका बेटावरच्या ग्रॅनाइटमधून मला कापले. घासून, पुसून, चमकवून, पंधरा भावंडांबरोबर पेटीत घालून जहाजाने इकडे धाडले. सुरुवातीला क्लबचे लोक माझ्यावरून हात फिरवायचे. वीस वर्षांत माझा तळ झिजला, एका कडेचा टवका उडाला. मी जरा जास्तच वळू लागलो. "आठ नंबर लहरी झालाय," असे लोक म्हणू लागले. नवा संच आणावा असेही एकदोघे बोलले. ते ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला होता.

माझी बाजू घेणारी एकच होती, फुजिमोरीसान. वय एकाहत्तर, गुडघे दुखरे, आवाज मात्र खणखणीत. लाल संघाची ती कप्तान. शेवटचा दगड, म्हणजे मला, तीच सोडायची.

तिच्या संघात चार वर्षांपूर्वी उल्का आली. मूळची पुण्याची. नवरा शैलेंद्र त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. त्याच्यासाठी ती नोकरी सोडून जपानला आली आणि दोन वर्षे घरात गप्प बसली. बोलणे व्हायचे ते कोंबिनी म्हणतात तसल्या छोट्या दुकानातल्या अर्धवेळ कामावर, तेही "पिशवी हवी का?" एवढेच. संस्थेच्या सहलीत सगळे इथे गंमत म्हणून खेळायला आले. उल्का पहिल्याच पावलाला आपटली. फुजिमोरीसानने तिला उठवले आणि म्हणाली, "इथे ओरडावं लागतं. येतं ओरडता?"

येत होते. दोन वर्षांचे साठलेले सगळे बाहेर आले. दर शनिवारी शैलेंद्र तिला गाडीने अडीच-तीन तासांवरून घेऊन यायचा. तिचे काम माझ्यापुढे ब्रशने बर्फ घासायचे. बर्फ घासला की आम्ही लांब आणि सरळ जातो. "याप! याप!" अशी हाक आली, की ती जिवाच्या आकांताने घासायची.

आमचे वैरी म्हणजे सेकिनेसानचा पिवळा संघ. अंतिम सामन्यात दोन वर्षे लागोपाठ आम्ही त्यांच्याकडून हरलो, दोन्ही वेळा एका गुणाने. तिसऱ्या वर्षी पुन्हा गाठ पडली. जिंकणारा संघ प्रांताच्या स्पर्धेला जाणार होता. डॉक्टरांनी फुजिमोरीसानला बजावले होते, गुडघ्यांसाठी हा हिवाळा शेवटचा.

शेवटच्या फेरीपर्यंत पाच-पाच अशी बरोबरी होती. सगळे दगड सोडून झाले. मध्यापासून वीतभर अंतरावर एक पिवळा दगड मुजोरपणे बसला होता. आणि मी राहिलो होतो.

फुजिमोरीसानने माझा तळ पुसला आणि कण्हत गुडघा वाकवला. मी निघालो. वेग थोडा कमी पडला. "याप!" हाक आली. उल्का आणि तिची जोडीदारीण घासू लागल्या. मी वर्तुळांच्या अलीकडची आडवी रेघ ओलांडली, वळलो, पिवळ्याच्या कडेने सरकलो आणि अगदी मध्यावर थांबलो.

काय तो जल्लोष! वीस वर्षांत माझ्यासाठी कोणी इतके ओरडले नव्हते.

तेवढ्यात उल्काने हात वर केला.

"माझा ब्रश लागला दगडाला."

मित्रांनो, लागला होता. नखभरच, रेघ ओलांडल्यावर. ते फक्त तिला आणि मला ठाऊक होते. आमच्या खेळात क्लबच्या सामन्याला पंच नसतो. ज्याची चूक, त्यानेच सांगायची. मग काय करायचे ते समोरचा कप्तान ठरवतो.

पिवळ्यांची कप्तान सेकिनेसान आली. "कुठे लागला?"

उल्काने जागा दाखवली. सेकिनेसानने मान लववली आणि मला हळूच वर्तुळाबाहेर सरकवले. सहा-पाच. आम्ही हरलो.

मी रागाने धुमसत होतो. कडेला उभा असलेला शैलेंद्र उल्काला म्हणाला, "अगं, कोणालाच दिसलं नव्हतं!"

"हाताला कळलं रे," ती म्हणाली. "आता काय करू?"

फुजिमोरीसानने ब्रश ठेवला आणि ती तडक निघून गेली.

पुढच्या शनिवारी उल्का घाबरत घाबरत आली. फुजिमोरीसान काठी टेकून बर्फाच्या कडेला उभी होती.

"मला माफ करा," उल्का म्हणाली. "तुमचा शेवटचा सामना होता."

"सहा दिवस तुझ्यावर खूप रागावले होते," म्हातारी म्हणाली. "काल विचार करायला बसले, आता संघ कोणाच्या हाती द्यावा? दुसरं नावच सुचेना. ब्रश ठेव. आजपासून आठ नंबर तू सोडायचास."

उल्का खाली बसली आणि दोन्ही हातांनी मला धरून रडली. माझा राग तिथेच विरघळला.

यंदा आम्ही सेकिनेसानच्या संघाशी दोनदा खेळलो. एकदा जिंकलो, एकदा हरलो, दोन्ही वेळा एका गुणाने. माझा तळ पुन्हा घासून आणायला उल्काने क्लबला राजी केले आहे. तोवर सामने चालूच आहेत. फळीला टेकलो की अजूनही चैन पडत नाही.

मित्रांनो, तुमच्या हाताखालीही कितीतरी वस्तू असतील. त्या पुसा, जपा, जुन्या झाल्या म्हणून लगेच टाकू नका. आणि तुमच्या हातून आमचे काही बिघडले, तर गप्प राहू नका. आम्हाला तोंड नाही. तेवढे तुम्हीच सांगायचे असते.