दोन कोअर पुरतात

आमच्या घराण्यात कॉम्प्युटर कळणारा माणूस एकच, आणि तो मी. हे मी म्हणत नाही, सगळे म्हणतात. म्हणायचे, असं लिहायला हवं आता.

बँकेच्या आमच्या शाखेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या पडद्यावरचं प्लास्टिक काढायचं धाडस मी केलं. बाकीचे भिंतीला टेकून उभे होते. पुढे एकोणीस वर्षं यंत्र अडलं की "वैद्यनाथ सारांना बोलवा". ज्या वर्षी दोन कोअरचा, म्हणजे एकाच चिपमध्ये दोन मेंदू असलेला, प्रोसेसर आला, त्या वर्षी आयुधपूजेला त्याला चंदन-कुंकू मी स्वतः लावलं. काय पळायचा तो! दिवसभराचं काम जेवणाच्या सुटीआधी आटपायचं. दोन कोअर म्हणजे चैन, अशी खूणगाठ मनाशी बांधून मी निवृत्त झालो. नंतर ती सोडून बघायची गरज मला वाटली नाही.

धाकटी बहीण गोमती पलीकडच्याच वीथीत राहते. तिची मुलगी लावण्या एकोणीस वर्षांची. कॉलेजात गणित शिकते आणि उरलेला वेळ गेम खेळते. पाच जणांनी किल्ला राखायचा, समोरच्या पाच जणांनी तो घ्यायचा, असा तो गेम. मैत्रिणीच्या मशीनवर खेळताना एकदा तिची गाठ पुण्याच्या चार मुलांशी पडली. कानात त्यांचं मराठी ऐकून ही न राहवून ओरडली, "गडहो, डावे अंगास दोघे पातले आहेत!" चौघं इतकी हसली की किल्ला गेला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच हिला शोधून बोलावणं धाडलं. तेव्हापासून ती त्यांची 'सरकार'. शत्रू कुठून येतोय ते ओरडून सांगायचं काम तिचं.

यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. आम्ही उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ बोलतो. पूर्वज मराठी मुलखातून इकडे तमिळ मुलखात आले त्याला तीनशे वर्षं झाली, तेव्हापासून असंच चाललंय. महाराष्ट्रातून कुणी आमच्या जवळच्या गोविंदपुरम्‌ला दर्शनाला आलं की आमच्याशी चार वाक्यं बोलतं, तोंड दाबून हसतं, एक फोटो काढतं आणि बसमध्ये चढतं. हसून झाल्यावर थांबलेली माणसं लावण्यालाच पहिल्यांदा भेटली. मला फार बरं वाटलं होतं. तसं मी तिला सांगितलं नाही, पण वाटलं होतं.

मे महिन्यात पुण्यात स्पर्धा होती, समोरासमोर बसून खेळायची. पाचवी जागा लावण्याची. त्या चौघांची अट एकच : त्याआधी तीन रविवार स्वतःच्या मशीनवर, घरून खेळून दाखवायचं. आमच्या घरातलं कुणी परत त्या मुलखात गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ही जाणार होती, आणि तेही बोलावणं येऊन. त्यासाठी लॅपटॉप हवा होता, आणि तो निवडायचा कुणी, हा प्रश्नच नव्हता.

राजगोपालचं जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकायचं दुकान आहे. त्यानं दोन काढून ठेवले. एक काळा, साधा, कोपरा खरचटलेला, आत सहा कोअर. दुसरा चकचकीत, कीबोर्डखाली लाल दिवे, झाकणावर वाघाचा पंजा आणि 'गेमिंग' असं ठळक. आत दोन कोअर. किंमत जवळपास तीच.

राजगोपाल म्हणाला, "सार, गेमसाठी काळा घ्या. दोन कोअर आता पुरत नाहीत."

माझं टाळकंच सरकलं. काल दुकान टाकलेला माणूस मला शिकवतो! मी म्हटलं, "अरे, गाडीला बैल किती लागतात? दोन. सहा जुंपलेस तर गाडी पळत नाही, बैल आपसांत भांडतात." दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मग मला आणखी चेव आला. मी एक कोअर गेमला, एक विंडोजला, अशी वाटणीही करून दाखवली.

लावण्या काळ्या लॅपटॉपच्या कीबोर्डवरून बोट फिरवत उभी होती. मी विचारलं, "तुला कोणता होणें?" आमच्यात 'हवा' म्हणायचं तर असंच म्हणतात.

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगाल तो, मामा."

आपल्या माणसाची किंमत कळणारी पोरगी, असं म्हणत मी पंजावाला उचलला. संध्याकाळी गोमतीनं त्याला चंदन लावलं.

पहिल्या रविवारी तो अडला. तीन-चार मिनिटं बरा चालायचा, मग गर्दी झाली की पडदा जागच्या जागी थिजायचा. सुटेपर्यंत किल्ल्यात माणसं शिरलेली असायची. गोमतीनं मला बोलावलं. मी टास्क मॅनेजर उघडला आणि प्रोसेसरची रेघ बघितली. ती शंभरावर, छताला चिकटलेली. गेम, त्यातलं बोलणं, विंडोज, सगळे त्या दोन कोअरांवर स्वार. मला कळलं. तेवढा मी अजून आहे.

"काय जाहलें, अण्णा?" गोमतीनं विचारलं.

"नेट खराब आहे," मी म्हटलं.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी राजगोपालच्या पायरीवर हजर होतो. काळा लॅपटॉप शनिवारीच एका लग्नाच्या फोटोवाल्यानं नेला होता. तसा दुसरा? "आला की सांगतो, सार." नवा घ्यायची ऐपत या वर्षी गोमतीचीही नाही, माझीही नाही. निदान प्रोसेसर तरी बदलून दे, म्हटलं. तो म्हणाला, "सार, तो बोर्डालाच झाळलेला असतो. निघत नाही." मी सांगितलं होतं, असं एका शब्दानं तो बोलला नाही. बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

मग उपाय सुरू झाले. रॅम वाढवली. चित्र इतकं बारीक केलं की शिपाई भाताच्या शितांएवढे दिसायला लागले. लॅपटॉपखाली पितळेचं ताट उपडं घातलं, शेजारी टेबलफॅन लावला. दुसऱ्या रविवारी सात वेळा अडला. लावण्या मोजत नव्हती, मी मोजत होतो. रोगी मरणार हे ठाऊक असलेल्या वैद्यासारखा मी औषधं बदलत होतो आणि ती निमूटपणे "सरी, मामा", म्हणजे 'बरं, मामा', म्हणत होती. मला माझाच राग यायचा आणि तो मी टेबलफॅनवर काढायचो.

तिसरा रविवार, दुपारचे तीन. मी तिच्या मागे खुर्चीवर. आवाज स्पीकरवर होता, कारण हेडफोननं तिचे कान दुखत होते.

"उजवे दरवाजास तिघे! मागें फिरा, मागें!" ती ओरडत होती आणि ती चार पुणेरी पोरं ती म्हणेल तिकडे धावत होती. अकरा मिनिटं गेली. यंत्र अडलं नाही. मी मनातल्या मनात आमच्या गावच्या कुंभेश्वराला नवस बोलून टाकला. शेवटचा डाव उरला होता. जिंकला की जागा पक्की.

समोरचे पाचही जण एकदम मागच्या दारानं आले. लावण्यानं त्यांना सगळ्यांच्या आधी पाहिलं. मी शपथेवर सांगतो, तिनंच आधी पाहिलं. "मागचें दार! पांचही मागचें दारास!" ती जीव तोडून ओरडली. पण पडदा थिजला होता आणि तिचा आवाज या खोलीबाहेर गेलाच नाही. सुटला तेव्हा किल्ल्यावर दुसऱ्यांचं निशाण होतं.

 मग त्यांचा कॅप्टन म्हणाला, "सरकार, खरं सांग. मशीनचा प्रॉब्लेम आहे का? तसं असेल तर जागा तुझीच. पुण्यात माझ्या भावाचा पीसी देतो तुला. पण तू स्लो पडत असशील तर मला दुसरा प्लेअर बघावा लागेल."

पोरगा सरळ होता. दार उघडं करून उभा होता. तिनं फक्त हो म्हणायचं होतं.

लावण्यानं मान किंचित वळवली. मी मागे बसलोय हे तिनं पाहिलं.

"मशीन उत्तम आहे," ती म्हणाली. "माझे मामांनीं निवडून दिल्हें. माझाच हात मागें पडला."

मी ताडकन उठलो. खुर्ची पडली. लॅपटॉपवर वाकून, माइक कुठे असतो ते न कळून, मी पडद्यालाच तोंड लावून बोललो, "अरे बाळांनो, पोरीची चूक नव्हे! चूक माझी! यास दोनच कोअर आहेत, आणि ते मीं घेववले. दुकानदार नको म्हणत होता. ही उत्तम खेळते, हिला टाकूं नका!" आयुष्यात इतकं खरं मी एका दमात कधी बोललो नव्हतो.

तिकडून उत्तर आलं नाही. मी पडद्याकडे पाहिलं. माउसचा बाण मधोमध उभा होता. लावण्यानं तो हलवून बघितला. हलला नाही.

यंत्र बंद करून परत सुरू होईपर्यंत सहा मिनिटं गेली. चौघंही निघून गेली होती. एक ओळ होती : वाईट वाटून घेऊ नकोस सरकार, मॅच बघायला नक्की ये.

"लिही त्यांला," मी म्हटलं. "फोनवरून लिही. मी सांगतों तसें लिही."

"नको, मामा."

"कां नको?"

"आतां लिहिलें तर सबब वाटेल." तिनं लाल दिवे बंद केले, ताट उचलून गोमतीला देण्यासाठी बाजूला ठेवलं. मला त्या चौघांची खरी नावंही माहीत नव्हती, नाहीतर मीच गाडी पकडली असती.

"मला पहिल्या रविवारींच कळलें होतें," मी कसंबसं म्हटलं. "नेट नव्हे, हें कळलें होतें. सांगट्लें नाहीं."

ती टेबलफॅनची वायर गुंडाळत होती. थांबली नाही.

"मला दुकानांतच कळलें होतें, मामा," ती म्हणाली.