नवरंगाचं पोट

हलला.

वहिनींचा पहिला फोटो. ओली पानं, एक दगड, आणि पक्षी होता तिथे हिरवट फराटा.

"वा!" मागच्या झुडपाआडून भाऊजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, कुजबुजले. "फराट्याचा पासपोर्ट काढायचाय?"

वहिनींचा बाजारात फोटो स्टुडिओ. सारी उमर लोकांच्या माना सरळ करण्यात गेलेली. भाऊजी जंगलातल्या पक्ष्यांचं पुस्तक काढत होते. लेन्स हातभर, जीभ त्याहून लांब. पुस्तक उद्या छापायला जायचं आणि नवरंगाचं पान अडलेलं. हिरवी पाठ मिळाली, पंखावरचा निळा तुकडा मिळाला. पोटाखालचा लालभडक रंग काही केल्या मिळेना. हा पक्षी जमिनीवर पानं उलथत हिंडतो, पोट कायम सावलीत.

"तुम्ही आणलात तर छापतो," भाऊजी जेवताना सगळ्यांदेखत म्हणाले होते. "नाही तर हा पक्ष्यांचा नाद सोडा आणि मुकाट स्टुडिओ सांभाळा."

वहिनी "बरं" म्हणाल्या होत्या. झालं, आता माघार नाही.

काळा.

पक्षी स्पष्ट, पोटाचा कोळसा.

"फ्लॅश मारा ना!"

"तुम्ही मारलात तेव्हा थांबला होता का?"

वहिनींनी पिशवीतून पांढरं कापड काढलं. स्टुडिओत त्या ते गिऱ्हाइकाच्या मांडीवर पसरत. उजेड खालून वर उसळतो, हनुवटीखालची सावली पळते. डबक्याकाठी उन्हाचा एक तुकडा पडला होता, तिथे त्यांनी ते अंथरलं.

"धुणं वाळत घालायला आलोय का आपण?"

"चष्मा काढा भाऊजी, चमकतोय. आणि तोंड मिटा, तेही चमकतंय."

रिकामा.

रिकामा.

नुसतं कापड. ऊन सरकायला लागलेलं.

मग पानं खुसखुसली. नवरंग! कापडाकडे मान वाकडी करून पाहिलं आणि पुन्हा चोच पाचोळ्यात. जरा जवळ आला, पण वाकलेलाच. वहिनींचं बोट बटणावर. पण इतक्या वर्षांचं वळण पडलेली जीभ, ती थोडीच ऐकते!

"हनुवटी वर घ्या, साहेब," त्या चक्क मोठ्यानं म्हणाल्या.

भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला.

नवरंग दचकला. उडाला मात्र नाही. आवाज कुठून आला ते बघायला काठीसारखा ताठ उभा राहिला, छाती पुढे काढून. कापडावरचा उजेड त्याच्या अंगावर चढला आणि पोट निखाऱ्यासारखं

खटक.

भाऊजींनी कॅमेरा जवळजवळ हिसकावूनच घेतला. पडद्यावर पीस न् पीस सुटं. डोळ्यात उजेडाचा टपोरा ठिपका. आणि तो लाल, पाहत राहावा असा लाल.

"मुखपृष्ठ बदलावं लागणार," ते म्हणाले.

"तिथे तुमचा तो लांब चोचीचा धनेश आहे ना?"

"होता."

तेवढ्यात डबक्यापलीकडून शीळ आली. वहिनींनी कॅमेरा परत घेतला आणि चिखलात सपशेल आडव्या झाल्या.

"सरका भाऊजी, उजेड अडवताय."