आईला विचारून येते

आजीचं कपाट उघडायचा धीर दोन महिने कुणालाच झाला नाही. शेवटी एका रविवारी सकाळी नात आणि नातू आपापल्या घरून आले आणि त्यांच्या आईने किल्ली काढून दिली.

कपाट कसलं, दुकानच ते! धुऊन वाळवलेल्या पिशव्या, दोऱ्याची रिकामी रिळं, एका पायाचे मोजे, नातवाचा पडलेला दात. म्हातारीने काही म्हणून काही टाकलं नव्हतं. दोघं भावंडं एकेक वस्तू बाहेर काढत होती, हसता हसता डोळे पुसत होती, आणि आजी असं म्हणायची, आजी तसं करायची, याला खंड नव्हता.

आई खाटेच्या कडेला बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. त्या बोलण्यात तिला शिरायला जागाच नव्हती. नवरा गेला तेव्हा थोरली सात वर्षांची होती आणि धाकटा चार. नोकरी मिळाली ती पाच तासांवरच्या गावी, इस्पितळात नर्सची. सासूबाई म्हणाल्या, "तू जा, पोरांचं मी बघते." आणि त्यांनी ते इतकं छान बघितलं की अकरा वर्षं पंधरा दिवसांनी एकदा येणारी आई आपल्याच घरात पाहुणी होऊन बसली. सासूबाईंवर तिचा जीव होता, पण मनात एक सल होताच. पोरं आपली आणि त्यांच्या लहानपणात आपण कुठेच नाही! आज ते धडधडीत कानांवर पडणार, याची तिने सकाळपासून तयारी ठेवली होती.

"कडक मात्र होती हं," धाकटा म्हणाला. "आई सोडायची आणि ही अडवायची."

"नाहीतर काय! माझा कान फुटला होता तेव्हा पोहायच्या शिबिराला आई हो म्हणाली, पण ही ऐकेल तर शपथ. आठ दिवस बोलले नव्हते मी तिच्याशी."

आईचा हात घडीवरच थांबला. "कसलं शिबिर?"

"अगं, आजीने तुला फोन करून विचारलं नव्हतं का?"

मग सगळं बाहेर आलं. पोरांनी काही मागितलं की आजी पायांत चपला सरकवायची, "थांबा, आईला विचारून येते," म्हणायची आणि कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करायला जायची. दहा मिनिटांनी धापा टाकत जिने चढून यायची. परवानगी द्यायची असली की, "आई हो म्हणाली." द्यायची नसली की, "आई हो म्हणत होती, मीच नको म्हटलं. काय रागवायचं ते माझ्यावर रागवा." धाकट्याला कांजिण्या आल्या तेव्हा तर दिवसातून तीन तीन खेपा. "आई म्हणाली, माझ्या राजाला सांगा, खाजवू नकोस, डाग पडतील." ते ऐकून राजा हात उशीखाली घालून निमूट झोपायचा.

"तुझ्यापाशी आम्ही कधी हा विषय काढला नाही," थोरली म्हणाली. "आजीने बजावलं होतं, वॉर्डात फोन घ्यायला बंदी आहे, आई चोरून घेते, कुठे बोललात तर नोकरी जाईल तिची. याच्या पोटात आयुष्यात तेवढी एकच गोष्ट राहिली असेल!"

वॉर्डात फोन नव्हताच. होता तो मेट्रनच्या खोलीत, आणि अकरा वर्षांत त्यावर घरून एकही फोन आला नव्हता. कांजिण्यांचं तिला कळलं ते खपल्या धरल्यावर, पत्रातून.

म्हणजे पोरांच्या लहानपणात ती होती. रोज होती. आता फक्त तोंड मिटून बसायचं, की अकरा वर्षं आयती पदरात. विचारायला कोण येणार होतं? पण म्हातारीच्या खाटेवर बसून म्हातारीचंच लाटायचं, हे काही तिला जमेना.

"मला कधी फोन आलाच नाही," ती म्हणाली. "एकदासुद्धा नाही. हो म्हणणाऱ्याही त्याच आणि नको म्हणणाऱ्याही त्याच."

"म्हणजे कांजिण्यांत..." धाकट्याने सुरुवात केली.

"त्याच रे."

थोरलीला रडू आवरेना. "शिबिराच्या वेळी मी तिला म्हटलं होतं, तू काही माझी आई नाहीस. आई आली की तुझं नाव सांगते."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, सांग."

आणि पोरीने सांगितलं होतं. आईला तो रविवार लख्ख आठवला. पोरगी कुशीत शिरून हुंदके देत होती, आजी वाईट आहे, काही म्हणता काही करू देत नाही. मग तिने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सासूबाईंना चांगलं सुनावलं होतं, "इतकं धाकात ठेवू नका त्यांना. माझी पोरं आहेत ती."

म्हातारी भांडी विसळत होती. वळली, ओले हात पुसले आणि म्हणाली, "तुझीच आहेत गं. मी तरी त्यांना दुसरं काय सांगते?"

तो तेव्हा तिला टोमणा वाटला होता.