बुटका कूलर

"या डबड्यापेक्षा तुझा बाप बरा घोरायचा," आई उशीत तोंड खुपसून पुटपुटली. "कुशीवर वळवला की गप्प तरी बसायचा."

डबडं म्हणजे सुनेचा कॉम्प्युटर. ती लोकांच्या नव्या स्वयंपाकघरांची चित्रं करून देते, कपाटांच्या मुठींसकट. चित्र तयार होऊ लागलं की प्रोसेसर तापतो आणि त्याच्यावरचा पंखा बोंबलतो. खोली एकच. तिच्यात आईची खाट, खाटेच्या उशाशी एक फळी, आणि त्या फळीवर मावेल म्हणून घेतलेली ही चपटी पेटी. मोठी घ्यायची तर खाट हलणार, आणि खाट हलली तर आईचं काय, हा विषय घरात कुणी काढत नसे.

म्हणून सुनेने हुडकून हुडकून प्रोसेसरवर बसवायचा एक बुटका कूलर, म्हणजे पंखाच, काढला होता. झाकणाखाली मावणारा, बिनआवाजाचा. नवऱ्याला फक्त आतली उंची मोजून मागवायला सांगितलं. त्याने मोजली ती बोर्डापासून. बोर्डावर बसलेल्या प्रोसेसरची जाडी धरलीच नाही. वर बुटका सोडून "जरा चांगला" म्हणून उंच मागवला.

आता झाकण लागेना. दाबलं की पाती घासून कर्रकर्र.

"वा! आता दातही खातोय," आई म्हणाली.

"बुटकाच घेऊ या ना," सून म्हणाली. "याच पेटीत बसेल तो."

"किती दिवस हे ठिगळ?" नवरा म्हणाला. "पेटीच मोठी घेऊ."

"आणि ठेवायचं कुठे?"

त्याने टेप ओढली. फळीवरून निघालेली पट्टी खाटेवर सरकत आईच्या गुडघ्याला टेकली.

"मलाही मोजतोस? नीट मोज हो. तुझा हिशेब कमी पडतो."

"आई, पडा तुम्ही. मी कानात बोळे घालून काम करीन," सून घाईघाईने म्हणाली.

"तुझ्या कानात बोळे, आणि माझ्या? तू गप्प बस गं. त्याला बोलू दे. लहानपणी चड्डीत झाली तरी सांगायचा नाही, कोपऱ्यात उभा राहायचा नुसता. बोल की रे."

टेप खटकन आत गेली. तो टेपकडे बघतच बोलला.

"ताई तुला ठेवून घ्यायला तयार नाही. आणि आम्हालाही तू इथे नको आहेस, आई."