दुधाळ नळी

मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. लोक मला ‘रक्त फिरवायचं मशीन’ म्हणतात, आणि तेच बरं. हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका लहान लॅबमध्ये माझी पंधरा वर्षं गेली. नळीतलं रक्त मी गरगर फिरवतो. लाल भाग तळाशी बसतो, पिवळसर पाणी वर येतं. चरबी फार असली की ते पाणी दुधासारखं दिसतं.

मित्रांनो, १९९८ साली सदाशिवअण्णा आमच्याकडे आले. दाजीबानपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. रक्त काढणारी सुकन्या आदल्या दिवशी त्यांना म्हणाली होती, “अण्णा, उद्या उपास करून या.” तिची घरची भाषा कन्नड, तिच्या लेखी उपवास म्हणजे पोटात काहीच नाही. अण्णा पडले मराठी! भरपूर कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी चापून आले. नळीत दूधच दूध.

अण्णांनी धसका घेतला. कारवारच्या पाहुण्याने त्यांना समुद्रातल्या शेवाळाची पूड दिली. तिने चरबी उतरते, हृदय ठणठणीत राहतं, असं तो सांगत होता. अण्णांनी ती तीन महिने ताकातून घेतली. पुन्हा आले तेव्हा घाईत चहासुद्धा घेतला नव्हता. नळी लख्ख निघाली.

“शेवाळाची कमाल बघ,” अण्णा म्हणाले. “माझ्या बायकोने, वेणूने तर हृदयाच्या गोळ्याच सोडल्या. आठ दिवस झाले, तीही पूडच घेते.”

सुकन्या दचकली. “मागच्या वेळी काही खाऊन आला होता?”

“छे, उपास होता. नुसती खिचडी.”

ती गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? मी थोडाच बोलतो! पण ती म्हणाली, “अण्णा, चूक माझी. उपाशी या म्हणायला हवं होतं. शेवाळात गुण असेलही, पण या दोन नळ्यांवरून ते कळत नाही. आधी घरी जा, वेणूअक्कांना गोळ्या द्या.”

अण्णा धावत घरी गेले. वेणूबाई सकाळपासून छातीतली कळ सोसत बसल्या होत्या. तसंच त्यांना दवाखान्यात नेलं. त्या वाचल्या.

ही गोष्ट पेठेत पसरली आणि लॅबचं नाव खराब झालं म्हणून मालकांनी सुकन्याला कामावरून काढलं. महिन्याने वेणूबाई तिला भेटायला आल्या, तर तिच्या जागी दुसरंच कोणी होतं. त्या बाकावर बसून रडल्या. मलाही फार वाईट वाटलं.

मित्रांनो, आता माझी मोटर कुरकुरते. मला तेल द्या, न द्या. पण आपली चूक आपणहून सांगणाऱ्या माणसाला जपा. माझे भाग बाजारात मिळतात, तसं माणूस मिळत नाही.